लष्कर सत्तेत शिरतं ते नेमकं कुठल्या दारातून? आणि आपल्या जिल्ह्यात त्याला बोलावतं कोण?

पांझराकाठ, धुळे

राम राम मंडळी. आमच्या अभ्यासिकेत पुढच्या रविवारी वादविवाद आहे, विषय ‘नागरी सत्ता आणि लष्कर’. तयारी बघितली तर जो तो दोनच वाक्यं घोकतोय: आपली फौज शिस्तीची, शेजारची सत्तेला हपापलेली. परीक्षक एवढ्यावर पाच मार्कही देणार नाहीत.

मला हवंय ते असं. रणगाडे रस्त्यावर आले हे समजलं, पण दुसऱ्या दिवसापासून राज्य चालतं कशाच्या जोरावर? कोर्ट, नोकरशाही, निवडणुका यांचं काय करतात? आपल्याकडे ही वाट कुठल्या कलमाने किंवा कुठल्या व्यवस्थेने बंद केली? समजा धुळ्यात किंवा जळगावात दंगल हाताबाहेर गेली आणि लष्कर आलं, तर हुकूम कलेक्टरचा की कर्नलचा? शेवटचा प्रश्न गावचा आहे: सुटीवर आलेला फौजी प्रचारसभेला बसला, ग्रुपवर पक्षाचा मेसेज टाकला, तर काय होतं?

कलम, साल, आकडा असं सांगा. ‘लोकशाहीची मूल्यं’ वगैरे आमच्याकडे पोत्याने आहे.

सातपुडा_पायथा

पहिला प्रश्न घेतो, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. उठाव एका रात्रीत होतो, पण तो पचवायला पुढची दोन-तीन वर्षं लागतात. पाकिस्तानात हे इतक्या वेळा झालंय की त्याची पायवाट पडली आहे.

७ ऑक्टोबर १९५८ ला अध्यक्ष इस्कंदर मिर्झांनीच १९५६ ची राज्यघटना रद्द करून मार्शल लॉ लावला आणि सरसेनापती अयूब खान यांना त्याचं प्रशासक नेमलं. सुरुवात नागरी अध्यक्षाच्या सहीने झाली, हे लक्षात घ्या. वीस दिवसांनी, २७ ऑक्टोबरला, तिथल्या सुप्रीम कोर्टाने दोसो खटल्यात निकाल दिला की यशस्वी झालेली क्रांती हाच कायद्याचा नवा उगम. त्याच रात्री अयूबने मिर्झांना घरी पाठवलं. ज्या सहीने दार उघडलं, त्या सहीची गरज संपली होती.

पुढच्यांनी यातून धडा घेतला तो कोर्ट आधी ताब्यात घ्यायचा. झियांनी ५ जुलै १९७७ ला सत्ता घेतली, राज्यघटना ‘रद्द’ न करता ‘स्थगित’ केली. कोर्टाने नुसरत भुट्टो खटल्यात ‘गरजेचा सिद्धान्त’ लावून ते मान्य केलं, वर घटनादुरुस्तीचा अधिकारही दिला. तरी १९८१ मध्ये न्यायाधीशांना नव्याने शपथ घ्यायला लावली. ज्यांनी घेतली नाही ते घरी गेले. मुशर्रफ यांनी १२ ऑक्टोबर १९९९ नंतर तेच केलं: जानेवारी २००० मध्ये नवी शपथ, मे २००० मध्ये उरलेल्या न्यायाधीशांकडून तीन वर्षांची मुदत. मधे १९७२ मध्ये अस्मा जिलानी खटल्यात कोर्टाने दोसोचा निकाल चुकीचा ठरवला होता, याह्या खानला सत्ता बळकावणारा म्हटलं होतं. पण याह्या तेव्हा खुर्चीवरून उतरलेला होता. खुर्चीवर बसलेल्याला असं म्हणणारा निकाल त्या काळात सापडत नाही.

कोर्टानंतर येते ती पायरी खान्देशातल्या माणसाला पटकन समजेल. जिल्हा परिषद, पंचायत समितीसारख्या स्थानिक निवडणुका घ्यायच्या, पण पक्षांशिवाय. अयूबने ८०,००० ‘बेसिक डेमोक्रॅट’ निवडून आणले आणि अध्यक्ष निवडायचा मतदारसंघच त्यांचा केला. झियांनी १९७९ मध्ये, मुशर्रफ यांनी २०००-०१ मध्ये स्थानिक निवडणुका बिनपक्षाच्याच घेतल्या. कारण साधं आहे. पक्ष नसला की गावचा पुढारी वरच्या नेत्याला बांधील राहत नाही. रस्त्याचा, पाण्याचा निधी ज्याच्या हातात, त्याच्याकडे वळतो. आपल्याकडे बिनविरोध ग्रामपंचायत झाली की सगळे टाळ्या वाजवतात, पण बिनपक्षाची निवडणूक नेहमीच निरागस असते असं नाही.

त्यानंतर सार्वमत (१९६०, १९८४, २००२, तिन्ही वेळा जनरल जिंकले), आणि शेवटी निवडून आलेल्या संसदेकडून आधीच्या सगळ्या कृत्यांना माफी. आठवी घटनादुरुस्ती १९८५ ची, सतरावी २००३ ची. आठवीने ५८(२)(ब) हे कलम आणलं: अध्यक्षाला संसद बरखास्त करता येईल. त्याचा वापर १९८८, १९९०, १९९३, १९९६ असा चार वेळा झाला. म्हणजे रणगाडे छावणीत उभे असतानाही सरकारं पडत होती.

म्यानमारमध्ये हे सगळं आधीच राज्यघटनेत लिहून ठेवलं. २००८ च्या घटनेत संसदेच्या ६६४ जागांपैकी १६६ सेनापतीच्या नेमणुकीच्या. घटना बदलायला ७५ टक्क्यांहून जास्त मतं हवीत, म्हणजे एक चतुर्थांश जागा धरून बसलेल्या लष्कराशिवाय अल्पविरामही हलत नाही. गृह, संरक्षण आणि सीमाव्यवहार ही तीन खाती सेनापतीची. १ फेब्रुवारी २०२१ ला त्यांनी अध्यक्षांना अटक केली, मग लष्कराच्या वाट्याचा उपाध्यक्ष हंगामी अध्यक्ष झाला आणि त्याने कलम ४१७ खाली आणीबाणीवर सही करून सत्ता सेनापतीकडे दिली. कागद चोख!

थायलंडमध्ये २०१४ च्या उठावानंतर आलेल्या २०१७ च्या घटनेने २५० नेमलेल्या सिनेटरना पाच वर्षं पंतप्रधान निवडीत मत दिलं. खालचं सभागृह ५००, एकूण ७५०, बहुमत ३७६. जुलै २०२३ मध्ये निवडणुकीत पहिल्या आलेल्या पक्षाच्या नेत्याला ३२४ मतं पडली आणि विषय संपला. एक गोळी झाडावी लागली नाही.

वादविवादात हा धागा धरा: घटनेत लष्करासाठी राखीव जागा, राखीव खाती, नेमलेले सदस्य किंवा बरखास्तीचा हुकमी अधिकार आहे का, ते आधी बघायचं. रणगाडे मोजायचं काम नंतर.

वाघूर

सातपुडा भाऊ, झकास. एक भर. उठाव फसतो तो बहुतेक वेळा जनतेमुळे आधी नाही, तर आतली साखळी न जुळल्यामुळे. तुर्कस्तानात १५ जुलै २०१६ ला सरसेनापतीच उठावात नव्हता, त्यालाच ओलीस धरलं होतं. पुलावर रणगाडे होते, पण बाकीच्या कमांडरना हुकूम कोणाचा मानायचा हे माहीत नव्हतं, आणि अध्यक्ष फोनच्या व्हिडिओवरून टीव्हीवर बोलत होता. १९६० च्या उठावात रेडिओ आणि १९८० च्या उठावात टीव्ही-रेडिओ एकाच हाती होते.

तापीमाय

आता आपल्याकडचं. पांझराकाठ, ‘शिस्त’ हे उत्तर खोडून टाका. पाकिस्तानची फौजही त्याच ब्रिटिश-भारतीय सैन्यातून निघाली, तेच नियम, तीच मेस, तेच बिगुल. शिस्तीने उठाव अडला असता तर दोन्हीकडे अडला असता. उलट सगळी फौज एका हुकमावर हलते, म्हणून शिस्तबद्ध सैन्याचा उठाव जास्त सोपा असतो.

फरक पडला तो मांडणीत. फाळणीपूर्वी सरसेनापती हा व्हाइसरॉयच्या खालोखालचा माणूस, त्याच्या कार्यकारी मंडळाचा सदस्य. स्वातंत्र्यानंतर तो मंत्रिमंडळाबाहेर गेला. दिल्लीतलं त्याचं निवासस्थान, फ्लॅगस्टाफ हाउस, पंतप्रधानांचं घर झालं. तेच आजचं तीन मूर्ती भवन. १९५५ मध्ये ‘कमांडर-इन-चीफ’ हे पदच संपवून भूदल, नौदल, हवाई दल यांचे तीन बरोबरीचे प्रमुख केले. राज्यघटनेच्या कलम ५३(२) प्रमाणे सर्वोच्च सेनापतिपद राष्ट्रपतींकडे, आणि राष्ट्रपती चालतात मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. १ जानेवारी २०२० पासून सीडीएस (चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ) आला, पण त्यालाही तिन्ही प्रमुखांवर हुकूम चालवायचा अधिकार दिलेला नाही. पेपरात ‘तिन्ही दलांचा सेनापती’ असं छापून येतं ते चूक.

तिकडे काय झालं बघा. अयूब १९५१ मध्ये सरसेनापती झाले आणि ऑक्टोबर १९५४ मध्ये त्या पदावर असतानाच संरक्षणमंत्रीही. ज्याच्यावर देखरेख करायची, तोच देखरेखीच्या खुर्चीत. १९५८ ची पायाभरणी त्या दिवशी झाली.

दुसरी गोष्ट मुदतीची. आपला लष्करप्रमुख तीन वर्षं किंवा वयाची ६२, जे आधी येईल तोवर. झिया १९७६ ते १९८८ प्रमुख होते, मुशर्रफ १९९८ ते २००७. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथे प्रमुखांची मुदत तीनवरून पाच वर्षं केली. इतकी वर्षं एक माणूस राहिला की बढतीच्या यादीतला प्रत्येक जण त्याचाच होतो. करिअप्पा जानेवारी १९५३ मध्ये निवृत्त झाले आणि त्यांना उच्चायुक्त म्हणून ऑस्ट्रेलियाला पाठवलं. लोकप्रिय माणूस होता, मानाने दूर ठेवला असं म्हणा हवं तर.

तिसरं म्हणजे वेळ. आपली राज्यघटना २६ जानेवारी १९५० ला लागू झाली, पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ मध्ये. पाकिस्तानात प्रौढ मतदानाने पहिली देशव्यापी थेट निवडणूक डिसेंबर १९७० मध्ये. मधली तेवीस वर्षं देशभर पसरलेली एकच यंत्रणा होती, फौज. राजकीय पक्षाचं दुकान बंद असेल तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाणारच.

चौथं, केंद्रीय पोलीस दलं. सीआरपीएफ, बीएसएफ ही गृह मंत्रालयाखाली, लष्कर संरक्षण मंत्रालयाखाली. देशात बंदूक एकाच दाराने बाहेर पडत नाही. खर्च वाढतो, ओढाताण होते, पण या कामात ओढाताण हाच फायदा.

आता ‘आपल्याकडे लष्कराने कधीच राज्य केलं नाही’ असं मात्र म्हणू नका, कोणी तरी पकडेल. पहूरकडून अजिंठ्याला जाताना फर्दापूर लागतं, तो निजामाचा मुलूख. सप्टेंबर १९४८ च्या कारवाईनंतर हैदराबाद संस्थानावर मेजर जनरल जयंतनाथ चौधरी लष्करी राज्यपाल होते, १९४९ संपेपर्यंत. मग मुलकी अधिकारी वेल्लोडी आले. गोव्यात डिसेंबर १९६१ पासून जून १९६२ पर्यंत मेजर जनरल कँडेथ. दोन्ही वेळा सत्ता हातात आली, पूर्ण हातात, आणि मागितल्यावर परत दिली. माझ्या मते भारताच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा हाच आहे, आणि वादविवादात तो कोणी मांडत नाही.

उलटी बाजूही सांगतो. नागरी नियंत्रण म्हणजे मंत्र्याने बढत्यांत हात घालणं नव्हे. कृष्ण मेनन यांच्या काळात वरच्या नेमणुकांवरून जनरल थिमय्यांशी बिनसलं, त्यांनी १९५९ मध्ये राजीनामा दिला आणि नेहरूंच्या सांगण्यावरून मागे घेतला. मर्जीतले म्हणून ओळखले जाणारे जनरल कौल १९६२ मध्ये ईशान्येत चौथ्या कोअरचे कमांडर होते. पुढे काय झालं ते सर्वांना माहीत आहे. त्यानंतर हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, म्हणजे यशवंतराव संरक्षणमंत्री झाले. दरवाजा बाहेरून ढकलला काय किंवा आतून ओढला काय, बिजागरी तीच झिजते.

केळीचं_पान

नाना, आणीबाणीचं काय? तेव्हा तर मार्शल लॉ होता ना?

तापीमाय

नाही भो. १९७५ ची आणीबाणी कलम ३५२ खालची. अटका पोलिसांनी केल्या, हुकूम मुलकी अधिकाऱ्यांचे, लष्कर छावणीत. मार्शल लॉ वेगळा: मुलकी कारभार बाजूला आणि लष्करी अधिकाऱ्याचा शब्द हा कायदा. राज्यघटनेत त्याचा उल्लेख कलम ३४ मध्ये येतो, तोही नंतर माफीचा कायदा करण्यापुरता. महाराष्ट्रात खरा मार्शल लॉ बघायचा तर सोलापूर, मे १९३०. तिसरी गोष्ट म्हणजे मुलकी सत्तेच्या मदतीला लष्कर. त्यात कलेक्टर कलेक्टरच राहतो. या तिन्हींची सरमिसळ केली की परीक्षक लगेच ओळखतात.

गिरणा_पाट

तो तिसरा प्रकार मी घेतो, कारण जिल्ह्यात प्रत्यक्ष तोच लागू होतो.

आधी घटना. सार्वजनिक सुव्यवस्था हा राज्याचा विषय, पण त्याच नोंदीत लिहिलंय की सैन्याचा वापर त्यात येत नाही. तो केंद्राच्या यादीत, नोंद २क, १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने आली. म्हणून मुख्यमंत्री लष्कराला हुकूम देऊ शकत नाहीत, मागणी करू शकतात.

मग कायदा. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १४८ ते १५१. १४८ मध्ये कार्यकारी दंडाधिकारी किंवा ठाणेदार जमावाला पांगायला सांगतो आणि पोलिसी बळ वापरतो. ते पुरत नसेल तर १४९: जिल्हा दंडाधिकारी, किंवा त्याने अधिकार दिलेला आणि जागेवर हजर असलेला कार्यकारी दंडाधिकारी, लष्कराकडून जमाव पांगवू शकतो. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत पोलीस आयुक्तालय नाही, म्हणजे जिल्हा दंडाधिकारी म्हणजे कलेक्टरच, आणि जागेवर बहुधा प्रांत किंवा तहसीलदार. एसपी ही मागणी करू शकत नाही, कितीही वरिष्ठ असला तरी.

आता तुमचा प्रश्न, हुकूम कोणाचा. काम कोणतं ते दंडाधिकारी सांगतो, कसं करायचं ते लष्करी अधिकारी ठरवतो. ‘हा जमाव पांगवा’ असं प्रांत सांगू शकतो. ‘गोळी झाडा’ किंवा ‘झाडू नका, नुसतं घाबरवा’ असं सांगू शकत नाही. उलट अधिकाऱ्याला कलमातच बंधन आहे की कमीत कमी बळ वापरायचं आणि माणसांना, मालमत्तेला कमीत कमी इजा करायची. फौजेत याची चार सूत्रं शिकवतात: गरज, किमान बळ, निःपक्षपातीपणा, सद्भाव.

प्रत्यक्ष क्रम असा चालतो. आधी जिल्हा पोलीस, मग एसआरपी (धुळ्याचा गट क्रमांक ६ घरचाच), मग केंद्रीय दलं, आरएएफ (दंगल आवरणारं पथक) वगैरे, आणि शेवटी लष्कर. मागणी कलेक्टरकडून गृह विभागामार्फत वर जाते. वेळच नसेल तर जवळच्या लष्करी ठाण्याच्या कमांडरकडे थेट. तुकडी आली की प्रत्येक तुकडीबरोबर एक दंडाधिकारी, स्थानिक पोलीस आणि वाट दाखवणारा माणूस लागतो. तुकडीकडे बिगुल, कर्णा, स्थानिक भाषेतला इशाऱ्याचा फलक आणि चित्रीकरण करणारा असतो. दंडाधिकाऱ्याची मागणी लेखी घेतात. इशारा देऊनही जमाव हटला नाही आणि गोळीबार करावाच लागला, तर अधिकारी नाव घेऊन ठरावीक जवानांना, ठरावीक गोळ्यांचा हुकूम देतो. हवेत गोळीबार करत नाहीत: हवेतली गोळी कुठे तरी गच्चीवर उभ्या असलेल्या निरपराध माणसाला लागते आणि समोरच्या जमावाला वाटतं की हे नुसतं भेडसावतात. रोख खाली धरतात. थांबल्यावर रिकामी काडतुसं मोजून घेतात, जखमींना आधी मदत.

बिघडतं कुठे ते जास्त महत्त्वाचं. पहिलं, उशीर. खान्देशात लष्कराची छावणी नाही. भुसावळ आणि वरणगावला ऑर्डनन्स फॅक्टऱ्या आहेत म्हणून ‘फौज बाजूलाच आहे’ असं लोक धरून चालतात, पण तिथे उत्पादन होतं आणि कामगार मुलकी आहेत. लढाऊ माणूस यायचा तो देवळाली, छत्रपती संभाजीनगर किंवा अहिल्यानगरकडून. देवळाली ते धुळे दीडशे किलोमीटरच्या वर आहे, नंदुरबार-शहादा त्याच्याही पुढे. आग लागल्यावर मागणी केली तर पोचेपर्यंत बरंच जळून गेलेलं असतं. दुसरं, मोघम मागणी. ‘आवश्यक ती मदत करावी’ एवढ्या ओळीवर कुठलाही कमांडर हलायला नाखूश असतो. जागा, काम, सोबतचा दंडाधिकारी आणि परतीची अट लिहावी लागते. तिसरं, दंडाधिकारीच जागेवर नसतो. तुकडी चौकात उभी, प्रांतसाहेब दुसऱ्या वॉर्डात, आणि मधे जमाव. चौथं, वायरलेस: पोलिसांचा सेट आणि लष्कराचा सेट एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून पोलिसांचा एक माणूस सेटसकट तुकडीत बसवावा लागतो. पाचवं, परत पाठवायचं विसरणं. काम संपलं की लेखी आदेशाने मोकळं करायचं असतं. नाही तर ध्वजसंचलन, नाकाबंदी, घरझडती अशी पोलिसांची कामं हळूहळू फौजेच्या गळ्यात पडतात. सातपुडा भाऊंनी जे मोठ्या पातळीवर सांगितलं ते छोट्या पातळीवर इथे सुरू होतं. दर वेळी दंगलीला फौजच लागते अशी सवय झाली की पोलीस ढिले पडतात आणि फौजेला गल्लीतलं राजकारण समजायला लागतं.

मे १९७० मध्ये भिवंडी आणि महाडबरोबर जळगावातही दंगल झाली आणि न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची चौकशी केली. प्रशासन वेळेवर हललं की नाही याचा अभ्यास करायचा तर तो अहवाल आपल्या जिल्ह्याचाच आहे, दिल्लीची उदाहरणं कशाला.

पांझराकाठ, धुळे

मग दंडाधिकारी सापडलाच नाही तर तुकडीने काय बघत बसायचं?

गिरणा_पाट

त्यासाठी १५०. सार्वजनिक सुरक्षितता उघड धोक्यात असेल आणि कुठल्याही कार्यकारी दंडाधिकाऱ्याशी संपर्क होत नसेल, तर कमिशन्ड किंवा राजपत्रित लष्करी अधिकारी स्वतःहून जमाव पांगवू शकतो. पण संपर्क शक्य झाला की लगेच करायचा, आणि पुढे चालू ठेवायचं की थांबायचं हे दंडाधिकारी सांगेल ते ऐकायचं. १५१ मध्ये संरक्षण आहे: सद्भावाने केलेल्या कृतीबद्दल सैनिकावर केंद्र सरकारच्या मंजुरीशिवाय खटला नाही.

आणि हे अफ्स्पा, म्हणजे सैन्याला विशेष अधिकार देणारा कायदा, नव्हे. १९५८ चा तो कायदा ‘अशांत’ जाहीर केलेल्या भागापुरता, आणि १९९७ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने तो वैध ठरवताना त्या घोषणेचा दर सहा महिन्यांनी फेरविचार करायला सांगितलंय.

बोरी_अनेर

उरला सुटीवरचा फौजी. गावोगाव पारावर यावरून वाद होतात, म्हणून नीट लिहितो.

राज्यघटनेचं कलम ३३ संसदेला सैनिकांचे मूलभूत हक्क मर्यादित करू देतं. त्यावरून आर्मी ॲक्ट १९५० चं कलम २१, आणि त्याखाली आर्मी रूल्स १९५४. नियम २०: पक्षीय किंवा राजकीय हेतूच्या सभेला, निदर्शनाला हजर राहायचं नाही, बोलायचं नाही, राजकीय संघटनेचं सदस्यत्व नाही, वर्गणी नाही. स्वतःला उमेदवार म्हणून जाहीर करायचं नाही, दुसऱ्याला करू द्यायचं नाही, उमेदवाराच्या निवडणूक समितीत बसायचं नाही. त्यात ग्रामपंचायतही आली. नियम २१: राजकीय किंवा सेवेच्या विषयावर परवानगीशिवाय प्रसिद्धीला काही द्यायचं नाही. सुटी ही सेवेतलीच असते, तेव्हा ‘मी गणवेशात नव्हतो’ हा बचाव होत नाही. मागच्या खुर्चीत बसून भाषण ऐकलं तरी ‘हजर’ झालाच. अग्निवीरालाही चार वर्षं हेच लागू.

बायकोला बंदी नाही. ती सरपंचपदाला उभी राहू शकते. नवऱ्याने मात्र तिच्यासाठी दारोदार फिरायचं नाही.

उमेदवाराचं नुकसान वेगळं. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२३(७): सैन्यातल्या माणसाची मदत निवडणुकीसाठी घेणं हा भ्रष्टाचार, मत देणं सोडून. निकालापासून ४५ दिवसांत हायकोर्टात याचिका गेली आणि सिद्ध झालं तर निवड रद्द. म्हणून शहाणा कार्यकर्ता गावच्या फौजीला स्टेजवर सत्काराला बोलावत नाही. बोलावतो तो नवशिका. बॅनरवर जवानांचे फोटो छापण्यालाही निवडणूक आयोगाने २०१३ मध्ये मनाई केली आणि मार्च २०१९ मध्ये पुन्हा आठवण करून दिली.

निवृत्त झाला की मोकळा. त्याच दिवशी पक्षात जाऊ शकतो. मोठ्या अधिकाऱ्याला खासगी कंपनीत जायला वर्षभर थांबावं लागतं, निवडणुकीला तशी अट नाही. माझ्या मते हे उलटं आहे, पण कायदा आहे तो असा.

मतदानाचा हक्क मात्र पूर्ण आहे आणि तोच सगळ्यात वाया जातो. सैनिकी मतदाराची नोंदणी फॉर्म २ वर, युनिटमार्फत, मूळ गावच्या यादीत. सोबत राहणारा जोडीदारही नोंदतो, मुलं नाहीत. दोन्हीकडे नाव ठेवता येत नाही. मतपत्रिका ऑनलाइन येते, छापून खूण करायची आणि टपालाने परत. मतपत्रिका आतल्या लिफाफ्यात, १३ब. तो लिफाफा आणि १३अ घोषणापत्र दोन्ही बाहेरच्या १३क मध्ये. चूक होते ती इथेच: घोषणापत्र आतल्या लिफाफ्यात जातं, किंवा त्यावर अधिकाऱ्याची साक्षांकित सही नसते, किंवा मतपत्रिकेचा क्रमांक जुळत नाही. यातलं एकही झालं तर मत मोजत नाहीत. फिकट छपाईमुळे क्यूआर कोड वाचला गेला नाही तर मोजणीच्या टेबलावर अडतं. आणि मोजणी सुरू व्हायच्या आधी, म्हणजे सकाळी आठच्या आत पोचलं पाहिजे. आसाममधून रावेरला टपाल किती दिवसांत येतं याचा हिशोब आधी करावा.

यापेक्षा खात्रीचा मार्ग गावात फारसा कोणाला माहीत नाही: प्रॉक्सी. सैनिक फॉर्म १३फ वर त्याच मतदारसंघात राहणारा माणूस नेमतो, तो स्वतःचं मत देतो आणि फौजीचंही, मशीनवर. फौजीच्या मतासाठी त्याच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाला शाई लागते, तर्जनीला नाही.

वाघूर

बोरी आप्पा, एक दुरुस्ती जोडा. टेरिटोरियल आर्मीचा अधिकारी खासदार असू शकतो. १९५९ च्या अपात्रता निवारण कायद्याने ते पद ‘लाभाचं पद’ धरलेलं नाही. नाही तर समोरचा गट उठून म्हणेल, अमुक मंत्री गणवेशात दिसतो मग तुमचा नियम २० कुठे गेला.

बोरी_अनेर

बरोबर, ते राहिलं. आणि कार्यकर्त्याने हौसेने फौजी गणवेश घालून मिरवणूक काढली तर ते वेगळं प्रकरण: लोकांना आपण सैनिक वाटावं या हेतूने घातला तर भारतीय न्याय संहिता कलम १६८, तीन महिन्यांपर्यंत कैद.

गिरणा_पाट

पांझराकाठ, आणखी एक. अभ्यासिकेतल्या जुन्या गाइडांमध्ये हीच कलमं १२९ ते १३२ अशी सापडतील. ती जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची. १ जुलै २०२४ पासून १४८ ते १५१. आकडे तर बदललेच, पण १३० मध्ये ‘हजर असलेला सर्वांत वरिष्ठ कार्यकारी दंडाधिकारी’ होता, १४९ मध्ये ‘जिल्हा दंडाधिकारी किंवा त्याने अधिकार दिलेला’ झाला. म्हणजे पूर्वी चौकात एकटा तहसीलदार असला तरी चालायचं, आता त्याच्या खिशात कलेक्टरचा अधिकार-आदेश हवा. समोरच्या गटाला हा फरक विचारा, गप्प बसतील.